खालची दाढ

निवृत्त प्राध्यापकाच्या घरात विद्यार्थी उरत नाही. नाही म्हणायला माझी नात बी.डी.एस.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. पण दिवाळीच्या सुट्टीत ती बेलपाड्याला आली, की परीक्षेला बसल्यासारखं मलाच वाटतं.

परवा आमची नेहमीची मासेवाली गाल धरून पायरीवर बसली. नात पुढे सरसावली. केव्हापासून दुखतं? गार पाण्यानं वाढतं? रात्री आडवं झाल्यावर ठणकतं? प्रश्नांची माळ काही संपेना. शेवटी मासेवाली कळवळून म्हणाली, "पोरी, इचारतेस किती! तोंडात बग ना!"

मी मनातून सुखावलो, हे कबूल करतो. आतून छोटा आरसा आणून दिला आणि त्याच्या दांड्यानं एकेका दाढेवर हलकेच ठोकून पाहायला सांगितलं. तिसऱ्या ठोक्याला बाई किंचाळली.

"आमच्या वेळी हे आधी हाताला येई," मी म्हणालो. आमची वेळ म्हणजे व्याख्यान, वही, घोकंपट्टी आणि मग सरांच्या खांद्यावरून डोकावणं! दातदुखीची कारणं मी पाढ्यासारखी म्हणत असे, आणि पुढे तीस वर्षं मुलांकडून तशीच म्हणवून घेतली.

नातीच्या गटात आठ जण. त्यांच्यापुढे आधी रोगीच ठेवतात, अर्थात कागदावरचा. त्याची हकिगत हप्त्याहप्त्यानं मिळते, आणि आपल्याला काय ठाऊक नाही ते ओळखून शोधून आणायचं काम मुलांचं. ही रीत कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठानं १९६९ साली वैद्यकीच्या विद्यार्थ्यांसाठी सुरू केली. स्वीडनमधल्या माल्मोच्या दंतविद्यालयानं १९९० पासून आपला अभ्यासक्रमच तिच्यावर बेतला. हे सारं नातीनंच मला फराळ करता करता ऐकवलं.

म्हटलं, पाहू या! मीही एक रोगी तिच्यापुढे ठेवला. बाई, वय चाळीस. डाव्या बाजूला खाली दुखतंय म्हणते. खालची दाढ थोडी किडलेली. विद्यार्थी खाली सुई देतो, अर्धा ओठ बधिर होतो...

"दुखणं थांबलं?"

"नाही."

"मग दुखणारी दाढ खालची नव्हेच, आजोबा! त्याच बाजूची वरची बघा. वरच्या दाढेची कळ खाली जाणवते."

पाच मिनिटंही लागली नाहीत. वरच्या शेवटच्या दाढेची मागची बाजू पोखरलेली होती. आरसा नीट फिरवला असता तर दिसली असती. म्हणजे ज्या हाताची मी एवढी बढाई मारली, तोही कामी आला नव्हता. आणि 'दुसरीकडची कळ' हे कारण त्या विद्यार्थ्याला चोख पाठ होतं. त्यानं बाई घाबरट आहे असं ठरवलं आणि खालची दाढ काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गाल धरून पुन्हा रांगेत उभी!

"तो विद्यार्थी पास झाला?"

"पहिल्या वर्गात."

नात माझ्याकडे पाहत राहिली. तिला कळलं होतं.

"खालची दाढ भरून राहिली असती, हे त्या बाईला सांगितलंत, आजोबा?"

"दोन्ही किडल्या होत्या, असं सांगितलं," मी म्हणालो.