बांधाखालचे पाणी

जगातले सर्वांत जुने भांडण कोणते, असे मला कुणी विचारले तर मी बेधडक ‘बांधाचे’ म्हणून सांगेन. सोन्यानाण्यावरून भांडणे होतात, मानपानावरून होतात. पण ती एखाद-दुसऱ्या पिढीत विझतात. बांधाचे भांडण मात्र सातबाऱ्याच्या उताऱ्याबरोबर वारसाहक्काने मुलाकडे येते. दीड हात जमिनीसाठी तालुक्याच्या कोर्टाच्या पायऱ्या झिजविणारी आणि जमिनीच्या किमतीच्या दसपट पैसा वकिलाच्या हाती घालणारी माणसे प्रत्येकाच्या नात्यात एकदोन तरी असतातच. आणि ती माणसे वाईट असतात असेही नाही. लग्नकार्यात ती एका पंक्तीला बसतात, एकमेकांना जिलबीचा आग्रह करतात. फक्त बांधाचा विषय तेवढा काढायचा नाही!

राष्ट्रांचे तरी याहून वेगळे काय असते? त्यांची भाऊबंदकी मोठी आणि त्यांचा बांध कित्येकदा समुद्रातून जातो, एवढाच फरक.

हा विचार माझ्या डोक्यात भरवून दिला तो माझ्या भाच्याने. भाचा भूगर्भशास्त्रज्ञ आहे आणि मलेशियात नोकरी करतो. आमच्या घराण्यात कारकून, मास्तर आणि एक कीर्तनकार यांखेरीज आजवर दुसरे काही निपजले नव्हते. त्यामुळे दगडांवर पोट भरणाऱ्या या मुलाचे आम्हां सर्वांना भारी कौतुक. मे महिन्यात तो घरी आला तो बगलेत एक भली मोठी गुंडाळी घेऊन. मामीला वाटले, भिंतीला लावायचे चित्र असेल. उलगडून पाहतो तर पूर्व आणि आग्नेय आशियाचा नकाशा. गुलाबी, हिरवे, पिवळे, जांभळे पट्टे एकमेकांत मिसळलेले. कोकणातल्या गोधडीसारखा रंगीबेरंगी.

“अरे, यात देशांच्या सीमा कुठे आहेत?” मी चष्मा पुसत विचारले.

“आहेत मामा, पण त्या शोधाव्या लागतात. हे खडकांचे रंग आहेत. खडक सीमेपाशी थांबत नाहीत.”

खडक थांबत नसले तरी खडकांचा नकाशा काढणारे थांबतात, ही त्यातली खरी मेख त्याने मग मला समजावून दिली. प्रत्येक देशाचे भूगर्भखाते आपापल्या हद्दीपुरते काम करते. एकच डोंगर दोन देशांत पसरलेला असला, की त्याच्या खडकाला अलीकडे एक नाव, पलीकडे दुसरे. एकाचे वय इकडचे शास्त्रज्ञ एक सांगतात, तिकडचे दुसरे. दोन्ही नकाशे शेजारी ठेवावेत तर सीमेवर रंगांची रांग तुटलेली. भूकंप, जमिनीतले पाणी किंवा खनिजे यांचा विचार करायचा तर असे तुटके नकाशे कुचकामाचे. म्हणून शेजाऱ्यांनी एकत्र बसून नावे जुळवायची, वये जुळवायची आणि मग रंग भरायचे. हे काम तिकडे एक समिती करते. तिचे नाव ‘पूर्व आणि आग्नेय आशियातील भूविज्ञान-कार्यक्रमांची समन्वय समिती’. एवढे लांब नाव एका दमात घेणे अवघड, म्हणून इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘सीसीओपी’ म्हणतात. कचेरी बँकॉकला.

समित्या म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चहा, बिस्किटे आणि वेळेवर न येणारे अध्यक्ष येतात. पण या समितीची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे.

ती स्थापन झाली १९६६ साली, ‘इकॅफे’च्या छत्राखाली. आशिया आणि अतिपूर्वेकडील देशांसाठी संयुक्त राष्ट्रसंघाने १९४७ मध्ये जे आर्थिक मंडळ काढले, ते हे इकॅफे. त्याचे पहिले मुख्य चिटणीस आपले पी. एस. लोकनाथन आणि तिसरे अधिवेशन १९४८ साली आपल्या उटीला भरले होते. म्हणजे मंडळ काही आपल्याला परके नव्हे. समिती निघाली तेव्हा मुख्य चिटणीस होते ब्रह्मदेशाचे ऊ न्युन. समितीचे पहिले सभासद चार: जपान, दक्षिण कोरिया, तैवान आणि फिलिपाइन्स. काम एवढेच, की आपल्या किनाऱ्यांलगतच्या समुद्राच्या तळाखाली कोणती खनिजे आहेत याचा सर्वांनी मिळून शोध घ्यायचा.

ही चार नावे पुन्हा वाचा. कोरिया १९१० पासून १९४५ पर्यंत जपानच्या टाचेखाली होता. जपान आणि दक्षिण कोरिया यांच्यात राजनैतिक संबंध जुळले ते १९६५ मध्ये, म्हणजे समिती निघण्याच्या अवघे वर्षभर आधी. फिलिपाइन्सची मनिला १९४५ च्या लढाईत जवळजवळ बेचिराख झाली होती. ज्यांच्या घरातले माणूस त्या लढाईत गेले असे कितीतरी लोक तेव्हा हयात असणार. अशा शेजाऱ्यांनी एका टेबलाशी बसून ‘चला, तळाखाली काय आहे ते बघू या’ म्हणायचे, ही गोष्ट लहान नव्हे.

समुद्राच्या तळाखालचे बघायचे कसे? भाच्याने मला सोपे करून सांगितले. कलिंगडवाला कलिंगडावर टिचकी मारतो आणि आवाजावरून आतले ओळखतो, तसे. जहाज आपल्यामागे आवाज करणारे यंत्र ओढीत नेते. तो आवाज पाण्यातून खाली जातो, तळाखालच्या गाळाच्या एकेका थरावर आपटून परत येतो. कोणता प्रतिध्वनी किती वेळाने आला हे टिपले, की थर किती जाड, कुठे वाकलेले, हे कागदावर उमटते. तेल असे जाड थरांत, त्यातही वाकलेल्या थरांच्या कमानीखाली साठलेले असण्याचा संभव असतो. संभवच, खात्री नव्हे. खात्री फक्त भोक पाडल्यावर.

आपल्या मुंबईसमोरही साधारण त्याच सुमारास, १९६४ ते १९६७ च्या दरम्यान, ‘अकादमिक अर्खांगेल्स्की’ या रशियन जहाजावरून अशाच टिचक्या मारल्या गेल्या. तेथे रशियन आणि भारतीय मंडळी बरोबर होती. त्यातूनच कमान सापडली आणि १९७४ साली जपानमध्ये बांधलेल्या ‘सागर सम्राट’ने भोक पाडल्यावर ‘बॉम्बे हाय’चे तेल निघाले. मुंबईपासून दीडशे किलोमीटरांहून दूर, भर समुद्रात. तेथे आपल्याला शेजारी नाही, म्हणून बांधही नाही. आपण पेढे वाटून मोकळे झालो.

तिकडे पूर्वेला तसे व्हायचे नव्हते. १९६८ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात अमेरिकी नौदलाच्या समुद्रविज्ञान कार्यालयाने दिलेले ‘हंट’ नावाचे जहाज पीत समुद्र आणि पूर्व चीन समुद्र यांतून फिरले. अमेरिकेचे के. ओ. एमेरी, जपानचे हिरोशी नीनो आणि कोरिया-तैवानचे शास्त्रज्ञ या कामात होते. ह्वांग हो आणि यांगत्से या दोन महानद्यांनी युगानुयुगे आणून टाकलेला गाळ त्यांनी मोजला. १९६९ मध्ये समितीने त्यांचा अहवाल छापला. त्यात लिहिले होते, की तैवान आणि जपान यांच्यामधल्या उथळ समुद्राखाली जगातल्या अत्यंत समृद्ध तेलसाठ्यांपैकी एक असण्याची शक्यता आहे.

झाले! ‘शक्यता’ हा शब्द शास्त्रज्ञांनी लिहिला. राजधान्यांत तो ‘आहे’ असा वाचला गेला. वर्षा-दीड वर्षात कोरिया, जपान आणि तैवान या तिघांनी समुद्राच्या नकाशावर आपापले चौकोन आखले आणि ते एकमेकांवर चढले. आपसात मिळून तेल काढू, असे तिघे १९७० च्या अखेरीस म्हणू लागले, तोच चीनने खडसावले की आमच्या वाट्याला हात लावू नका. त्या समुद्रात काही बेटे आहेत. सगळ्यांत मोठे जेमतेम चार चौरस किलोमीटर. माणसांची वस्ती नाही. जपान त्यांना सेनकाकू म्हणतो, चीन दियाओयू. ताबा जपानकडे आणि हक्क चीन व तैवान दोघेही सांगतात. १९७१ पासून पेटलेले ते भांडण अजून धुमसते आहे. त्याच्या मुळाशी तेलाखेरीज जुन्या इतिहासाची दुखणीही आहेत, हे खरे. पण फुंकर घातली ती त्या अहवालाने. आणि गंमत अशी, की त्या बेटांभोवती तेलाची एक विहीर काही उभी राहिलेली नाही.

हे ऐकून मी म्हणालो, “म्हणजे तुमच्या समितीने शहाण्यांत भांडण लावून दिले म्हणायचे!”

भाचा हसला. “लावले खरे. पण मामा, आप्पाआजोबांच्या विहिरीचे काय झाले होते?”

हा टोला बरोबर बसला. आमच्या बार्शीकडच्या गावी आप्पाकाका आणि त्यांचे चुलतभाऊ नाना यांचा बांधाचा दावा कित्येक वर्षे चालू होता. १९७२ च्या दुष्काळात गावची निम्मी माणसे खडी फोडायला रस्त्यावर गेली आणि दोघांच्याही विहिरी तळाला गेल्या. तेव्हा प्रथमच दोघांनी मिळून एक पाणाड्या आणला. त्याने सगळे रान हिंडून पाय आपटला तो नेमका बांधावर! इलाजच नव्हता. निम्मा निम्मा खर्च घालून बांधावरच विहीर खणली. सुरुंगाने काळा खडक फुटला आणि पाणी लागले. पाणी लागताच भांडण दुप्पट झाले. नाना म्हणत, झरा माझ्या अंगाने येतो. आप्पाकाका म्हणत, सुरुंगाचे पैसे मी आधी दिले. पण समोर पाणी दिसत असताना तोंडे फिरवून किती दिवस बसणार? शेवटी चार दिवस यांचे, चार दिवस त्यांचे, अशी पाळी ठरली. इंजिन सामाईक; तेल ज्याचे त्याने घालावे. बांधाचा दावा पुढे दहा वर्षे चालला. पाळी मात्र एकदाही चुकली नाही.

अशी पाळी देशांनाही लावता येते, हे तिकडेच दिसते. मलेशिया आणि थायलंड यांचा आखातातला बांध ठरेना, कारण को लोसिन नावाचा पाण्याबाहेर दीड मीटर डोके काढणारा एक खडक! तो बेट धरायचा की नाही, यावर हजारो चौरस किलोमीटर समुद्र अवलंबून. १९७९ मध्ये दोघांनी ठरविले, की बांधाचा वाद ५० वर्षे बाजूला ठेवू आणि भांडणातला ७,२५० चौरस किलोमीटरांचा तुकडा सामाईक समजू. खर्च निम्मा, उत्पन्न निम्मे. करारातला तपशील जुळवायला अकरा वर्षे गेली. पण २००५ पासून तेथून वायू निघू लागला. बांध न ठरताही दोन्ही घरच्या चुली पेटल्या.

जपान आणि दक्षिण कोरियानेही १९७४ साली असाच करार केला. तो १९७८ पासून ५० वर्षांचा, म्हणजे २०२८ पर्यंतचा. तेथे मात्र विकण्याजोगे तेल लागले नाही. सामाईक विहिरीला पाणी लागतेच असे नाही, हेही सांगितले पाहिजे.

आणि भूगर्भाचे काम म्हणजे केवळ तेल नव्हे. तोक्यो शहराने जमिनीतले पाणी इतके उपसले, की त्याचे काही भाग ४ मीटरांहून अधिक खचले. तोक्योने उपशाला वेसण घातली तेव्हा खचणे थांबले. पुढे बँकॉक त्याच वाटेने गेले. १९८० च्या सुमारास त्याचे काही भाग वर्षाला १० सेंटिमीटरांनी खचत होते. तेथेही कायदा आणि पाणीपट्टी लावून उपसा आवरावा लागला. एका शहराने ठेच खाल्ली की दुसरे शहाणे व्हावे, यासाठी पहिल्याने आपली ठेच लपवता कामा नये. विहिरींच्या पाण्याच्या पातळ्या सर्व देशांनी एका तक्त्यात मांडाव्यात, असे काम ही समिती करते. त्याला वर्तमानपत्रांत मथळे मिळत नाहीत.

समिती मोडली नाही, ही मला सगळ्यांत नवलाची गोष्ट वाटते. १९८७ मध्ये ती स्वतंत्र आंतरराष्ट्रीय संस्था झाली. व्हिएतनाम, कंबोडिया, इंडोनेशिया असे सभासद वाढत गेले. पहिल्या चौघांतला तैवान आता तिच्यात नाही. राजकारणाने तेवढी किंमत वसूल केली. पण बेटांवरून एकमेकांच्या जहाजांवर डोळे वटारणारे चीन आणि जपान तिच्या टेबलाशी शेजारी बसतात आणि खडकांची नावे जुळवतात.

आपण या समितीत नाही. पण आपल्यालाही बांध आहे. कच्छच्या टोकाला सर क्रीक नावाची ९६ किलोमीटरांची खाडी आहे. सीमा खाडीच्या मध्यातून, असे आपण म्हणतो. पूर्वेच्या काठावरून, असे पाकिस्तान म्हणतो. दोघेही १९१४ च्या मुंबई सरकारच्या एकाच ठरावाचा आधार घेतात! तरीही २००७ च्या जानेवारी ते मार्चमध्ये दोन्ही देशांच्या पथकांनी त्या दलदलीची एकत्र मोजणी केली आणि दोघांना मान्य असलेला नकाशा तयार केला. सीमा ठरली नाही. पण खाडी आज कुठून वाहते, याबद्दल तरी दोघांत वाद उरला नाही.

एवढ्याने काय साधले, असे कुणी विचारील. मोजणी झाली म्हणून भांडण मिटते असे नाही. पूर्व चीन समुद्रात तर ते वाढले. पण मोजणी केल्यावाचून मिटलेले भांडण निदान माझ्या पाहण्यात नाही. उद्या दोन्हीकडच्या कर्त्या माणसांना कधी सुबुद्धी झाली, तर त्यांना साखळी घेऊन पहिल्यापासून दलदल तुडवावी लागणार नाही. नकाशा तयार आहे. उलगडून मध्ये पसरायचे तेवढे बाकी आहे.