गोळी कुठे थांबेल?

हंगाम शनिवारी उघडतो, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या. इथे विस्कॉन्सिनमध्ये बंदुकीने हरिण मारायचे ते मुख्य नऊ दिवस. १९७३पासून पुढे जन्मलेल्यांना त्यासाठी आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो. चाळिशी उलटल्यावर मी तो केला. वर्गात निम्मी शाळकरी मुलं होती.

रायफल हातात आली की नळी आधी सुरक्षित दिशेला, बोट ट्रिगरपासून लांब. मग बोल्ट मागे ओढून चेंबरमध्ये डोकवायचं आणि करंगळीही घालून बघायची. समोरच्याने "रिकामी आहे" म्हणत दिली तरी! हे मला फार पटलं. टेकडीच्या माथ्यावर उभ्या हरणावर गोळी झाडायची नाही, कारण मागे नुसतं आकाश असतं. नेम चुकला तर गोळी थांबणार कुठे?

भारतात १९७२च्या कायद्यानंतर शिकार बंद झाली, आणि ते योग्यच झालं. इथे पांढऱ्या शेपटीची हरणं उदंड. बंदुका-काडतुसांवरच्या करातून १९३७पासून वन्यजीवांसाठी पैसा उभा राहतो. तरीही जीव घ्यायचा तो घ्यायचाच. म्हणून नेम पुढच्या पायामागे, फुप्फुसांवर. रक्त गुलाबी, फेसाळ दिसलं तर गोळी तिथेच लागली. तरी लगेच मागे धावायचं नाही, अर्धा तास थांबायचं. घाबरलेलं जनावर आणखी लांब पळतं.

मटण आयुष्यभर खाल्लं, कापलं दुसऱ्यांनी. हरिण मिळालं तर ते सोलून साफ मीच करणार, असं शेजारच्या आजोबांना सांगून ठेवलंय. उद्या ते चाकूला धार लावायला शिकवणार आहेत.