ट्रॉलीतला उन्हाळा

हे बरेच दिवस लिहायचं होतं. प्रत्येक वेळी वाटायचं, घरातल्या भानगडी कशाला चव्हाट्यावर आणायच्या! पण परवा अण्णांनीच विचारलं, "एवढं सगळ्यावर लिहितीस, ट्रॉलीवर का न्हाय लिहीत?" म्हणजे परवानगी मिळाली असं धरते.

तर झालं असं की २०१८च्या मार्चमध्ये लेकीची बारावीची परीक्षा संपली आणि घरात मोबाईलशिवाय दुसरं काही दिसेना. मला स्वतःलाही शाळेच्या नोकरीचा कंटाळा आला होता. बिनपगारी रजा घेतली होती आणि तिचं काय करायचं ते ठरत नव्हतं. त्याच दिवसांत चुलतभावाचा फोन आला. "आक्का, आपलं गाव औंदा वॉटर कपात हाय. माणसं कमी पडत्यात. येतीस का?"

आमचं गाव माण तालुक्यात. जिल्हा सातारा, पण साताऱ्याचं नाव घेतल्यावर डोळ्यासमोर येतं ते काहीच इथे नाही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, माणमध्ये जेमतेम साडेचारशे, तोही पडला तर. पानी फाउंडेशनची सत्यमेव जयते वॉटर कप स्पर्धा २०१६ साली सुरू झाली ती तीनच तालुक्यांत. त्यातला एक आमच्याच जिल्ह्यातला कोरेगाव, आणि पहिल्या वर्षी जिंकलं ते तिथलंच वेळू गाव. २०१८पर्यंत ती ७५ तालुक्यांत पोचली होती. ८ एप्रिल ते २२ मे, पंचेचाळीस दिवस, ऐन उन्हात डोंगर खोदायचा.

जायला हरकत नव्हती. अडचण होती ती राहायचं कुठे याची.

अण्णा म्हणजे माझे वडील आणि तात्या म्हणजे माझे चुलते, हे दोघे सख्खे भाऊ १९९६पासून एकमेकांशी बोलत नव्हते. कारण विहीर. पाळीचं पाणी कोणाचं किती दिवस, यावरून सुरू झालं आणि पार आईच्या दागिन्यांपर्यंत गेलं. गंमत म्हणजे (गंमत कसली) ती विहीर २००३च्या दुष्काळात आटली ती आटलीच. भांडण मात्र भरलेलं. अण्णा सांगलीत गावभागात राहतात, हळदीच्या पेठेत हमालीपासून सुरुवात करून दिवाणजी म्हणून निवृत्त झाले. मी गावाला जाते म्हटल्यावर एवढंच म्हणाले, "जा. पण त्याच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं न्हाय."

चुलतभावाने यातून वाट काढली. त्याचा ट्रॅक्टर उसाच्या वाहतुकीला असतो. कारखान्यांचा हंगाम संपला की ट्रॉल्या रिकाम्या. त्यातली एक त्याने आणून आमच्या वाटणीच्या पडीक रानात कडुलिंबाखाली लावली. "ट्रॉली माझी, रान अण्णांचं. उंबरा कुणाचाच न्हाय!" वकील व्हायचा तो, चुकून शेतकरी झाला.

मग काय, खाली कडबा, त्यावर घोंगडी, वरून ताडपत्री. एका कोपऱ्यात ट्रंक, दुसऱ्यात माठ. चढायला फळकुटाची शिडी. पहिल्या रात्री लेक म्हणाली, "आई, इन्स्टाग्रामवर लोक याला ग्लॅम्पिंग म्हणतात." सकाळी नऊ वाजता पत्रा तापला तेव्हा तिने तो शब्द परत घेतला. दहानंतर आत हात लावायची सोय नाही, दुपारभर झाडाखाली. रात्री बारानंतर मात्र तोच पत्रा गार पडायचा आणि पाठीला इतकं बरं वाटायचं की काय सांगू. अंथरुणात एकदा विंचू निघाला. लेकीने तो डब्यात पकडून आधी फोटो काढला आणि मगच किंचाळली.

ऊसतोडीवाले बीडकडून असाच संसार ट्रॉलीत भरून येतात. आमचं पंचेचाळीस दिवसांचं होतं आणि पलीकडे सांगलीत पक्कं घर होतं. त्यामुळे त्याचं कौतुक मी फार करत नाही.

काम सकाळी सहाला सुरू व्हायचं. 'माथा ते पायथा' हे सूत्र. म्हणजे पाणी डोंगराच्या माथ्यावर पडतं तिथपासूनच त्याला अडवत यायचं. ते उतारावरून पळत आलं की माती घेऊन जातं. ए-फ्रेम म्हणून एक साधं लाकडी उपकरण असतं. इंग्रजी ए अक्षराचा आकार, मधोमध दोरीला दगड बांधलेला. दोन्ही पाय समान उंचीवर आले की दोरी बरोबर मधल्या खुणेवर येते. तिथे फक्की टाकायची, एक पाय फिरवायचा, पुढची खूण. अशा खुणा जोडत गेलं की डोंगरावर समपातळीची रेघ उमटते आणि त्या रेघेवर चर खणायचा. समतल चर, सगळे सीसीटीच म्हणायचे. पाणी त्यात थांबतं, जमिनीत मुरतं. लेकीला बारावीच्या भूमितीचा पहिल्यांदा उपयोग दिसला, असं तीच म्हणाली. आठवडाभरात ती गावातल्या बायकांना ए-फ्रेम शिकवत होती. मी आपली घमेली उचलणाऱ्यांच्या रांगेत.

आठ-दहा दिवसांनी तो प्रश्न आला, जो येणार हे मला सोडून सगळ्यांना माहीत होतं. वरच्या चरांचं जास्तीचं पाणी खाली पाझर तलावात यायचं तर मध्ये आमच्या दोन भावांच्या रानांतून बांधबंदिस्ती होणं भाग होतं. तात्या तयार. पण अण्णांच्या संमतीशिवाय त्यांच्या वाटणीत कुदळ कोण मारणार? गावातले दोघेतिघे ट्रॉलीपाशी येऊन बसले. "आक्का, तुमीच इचारा."

मी फोन केला. अण्णा बराच वेळ गप्प. मग विचारलं, "पाझर तलाव म्हंजी कुठला? म्हसोबाच्या खालचा?"

"हो."

"त्यो आमी बांधलाय."

हे मला माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं. १९७२च्या दुष्काळात अण्णा एकोणीस वर्षांचे, तात्या पंधराचे. दोघे आधी खडी फोडायला आणि मग त्या तलावाच्या मातीकामावर होते. मजुरी म्हणून पैसे, कधी मिलो, पोरांना सुकडी. तात्या भरायचा आणि अण्णा डोक्यावरून न्यायचे, कारण धाकट्याच्या मानेला ओझं सोसत नव्हतं. दुसऱ्या वर्षी अण्णा सांगलीला गेले ते कायमचे. एवढं सगळं ते फोनवर एका दमात बोलले आणि शेवटी म्हणाले, "करू दे काय करायचं ते. बांध मातूर हाय तिथंच ऱ्हायला पायजे. इंचभर सरकवला तर मी हाय आन् त्यो हाय."

बांध सरकला नाही. चुलतभावाने दोरी लावून मोजमाप घेतलं आणि त्याचा फोटो लेकीने अण्णांना पाठवला. अण्णांनी अंगठा पाठवला. तात्या रोज माझ्यासमोर दोन हातांवर काम करत होते, पण विषय काढला नाही. "पोरी, चा घेतलास का?" एवढंच. चहा काकी ट्रॉलीपर्यंत आणून द्यायची. उंबऱ्याची अट तिलाही माहीत होती.

आठवड्यातून एक दिवस आम्ही दोघी सुट्टी घ्यायचो आणि पहाटे चालायला निघायचो. लेकीचं ठरलेलं, तळं दिसलं पाहिजे. माणमध्ये तळी बघायला जाणं म्हणजे थट्टाच! पण आहेत. शंभू महादेवाच्या डोंगररांगेत शिखर शिंगणापूरला पुष्कर तलाव आहे, मालोजीराजे भोसल्यांनी बांधलेला. आम्ही गेलो तेव्हा चैत्रातली यात्रा नुकतीच होऊन गेली होती. या यात्रेत सासवडहून भुतोजी तेल्याची कावड कऱ्हेचं पाणी घेऊन येते आणि मुंगी घाटाच्या उभ्या कड्यातून वर चढते. लहानपणापासून बघत आले, पण त्या दिवशी काठावर बसल्यावर पहिल्यांदा जाणवलं की या मुलखातली सगळ्यांत मोठी यात्रा म्हणजे शेवटी डोंगरावर पाणी वाहून नेणं आहे.

राजेवाडीचा तलाव मात्र मनात राहिला. माण आणि आटपाडी, म्हणजे सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या सीमेवरचा. १८७६-७७च्या दुष्काळानंतर इंग्रजांनी दुष्काळी काम म्हणून हाती घेतलेला, माणगंगेवरचा. एप्रिलअखेर पाणी पार मध्यावर गेलेलं. काठाकाठाने चालायला सुरुवात केली ती उन्हं चढेपर्यंत. एकीकडे भेगाळलेला गाळ, दुसरीकडे मेंढरं. लेक म्हणाली, "म्हणजे आजोबांच्या आधीपण लोक दुष्काळातच तलाव बांधत होते?" हो. पाऊस असतो तेव्हा कोण कशाला बांधतंय!

स्पर्धा संपल्यावर दोन दिवस जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला गेलो. कास तलाव, सातारा शहराला पाणी देणारा, गर्द झाडीतला. मग बामणोलीला शिवसागरच्या काठी. मे महिना असूनही एवढं पाणी की डोळे दिपले. लेक एकदम चिडलीच. "हा आपलाच जिल्हा ना?" तिथल्या एका म्हाताऱ्या नावाड्याने पाण्याकडे बोट करून सांगितलं की त्याचं गाव तिथे खाली आहे. मग ती गप्प झाली.

त्या वर्षी पहिला नंबर आमच्याच माण तालुक्यातल्या टाकेवाडीला मिळाला. दुसरा विभागून, त्यातही तालुक्यातलंच भांडवली. आमच्या गावाला काहीच नाही. त्याचं फार वाईट वाटलं नसतं, पण पाऊसच आला नाही. २०१८चा पावसाळा माणला कोरडा गेला. एवढे चर, एवढे बांध, नुसते आ वासून. नव्या वर्षाच्या सुरुवातीला म्हसवडला जनावरांची छावणी उभी राहिली. मी फोन केला की काकी म्हणायची, "चरात शेरडं बसत्यात सावलीला." मला तर गावाला फोन करायचीच लाज वाटायला लागली. जणू मीच काही फसवलं होतं.

आणि मग २०१९चा ऑगस्ट. सांगलीतल्या वाचकांना सांगायला नको. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं. आमच्या गल्लीत शिरायला लागलं तेव्हा रात्र होती. अण्णा हळदीची पोती उचलल्यासारखी पुस्तकं माळ्यावर टाकत होते. तेवढ्यात माझा मोबाईल वाजला. तात्या. "त्येला दे."

मी फोन पुढे केला. अण्णांनी दोनदा मान हलवली, मग घेतला. स्पीकर चालूच राहिला होता, म्हणून मला ऐकू आलं.

"पाणी कुठवर आलंय?"

"पायरीला."

"वर या समदी. ट्रॉली पाठवू का?"

तेवीस वर्षांनंतर भावाशी बोललेलं अण्णांचं पहिलं वाक्य असं होतं, "माणसं हाय आमी, ऊस न्हाय."

पहाटे शेजाऱ्यांच्या जीपमधून निघालो. तासगाव, विटा, मायणी. मायणीच्या पुढे रस्ता कोरडा आणि धुळीचा. गावाच्या वेशीत टँकर उभा, बायकांची रांग. मागे सांगलीत माणसांना होडीतून काढत होते. अण्णा जीपमधून ती रांग बघत राहिले, काही बोलले नाहीत.

उंबऱ्याची अट त्यांनी स्वतःही पाळली. "मी ट्रॉलीत झोपणार." कडुलिंबाखाली ती होतीच, हंगामाला अजून वेळ होता. काकीने डोक्याला हात लावला. रात्री उशिरा तात्या घोंगडं घेऊन गेले आणि साटीवर चढून पलीकडच्या कडेला बसले. काय बोलले माहीत नाही, बहुतेक काहीच नाही. सकाळी चहा घेऊन गेले तर दोघे पाठीला पाठ लावून झोपलेले, तात्यांच्या पायावर पांघरूण नाही. तिसऱ्या दिवशी भुरभुर सुरू झाली तेव्हा अण्णा आपली उशी काखेत मारून उठले आणि सरळ घरात जाऊन बसले. कोणी काही बोललं नाही. लेक बोलणार होती, मी तिला चिमटा काढला.

मी आठवड्याने चिखल उपसायला सांगलीला परतले. अण्णा महिनाभर राहिले. "घर वाळू दे नीट," म्हणायचे.

ऑक्टोबरात परतीचा पाऊस आला तो माणवरही पडला, आणि भरपूर पडला. एका संध्याकाळी तात्यांचा फोन आला. आता थेट अण्णांच्या मोबाईलवर यायला लागला होता. म्हसोबाच्या खालचा तलाव भरून सांडव्यावरून पाणी चाललं होतं आणि तात्या भिजत तिथे उभे. "ऐक," म्हणाले, आणि फोन पाण्याकडे धरला.

अण्णांनी मोबाईल एका कानाला लावला, मग दुसऱ्या.

"काय ऐकू येत न्हाय," ते ओरडले. "घरी जा. थंडी वाजंल."

पण फोन काही त्यांनी ठेवला नाही.