एकसारखा उजेड

फोटोत उजेड नीट यायचा तर तीन गोष्टींचा मेळ बसावा लागतो. शटर किती वेळ उघडं, भिंगातलं छिद्र म्हणजे ॲपर्चर किती मोठं, आणि आयएसओ किती. नळाखाली घागर भरताना पाहा की. तोटी थोडी सोडली तर वेळ लागतो, पूर्ण सोडली तर झटकन भरते. आयएसओचं मात्र रेडिओच्या आवाजासारखं आहे. वाढवला की गाणं मोठं ऐकू येतं, आणि खरखरही.

हे सगळं मला कामाला आलं ते आजेसासूबाईंच्या वहीमुळे. बेळगावच्या घरी त्यांनी हातानं उतरून घेतलेल्या व्रतकथांची आणि आरत्यांची चौसष्ट पानी वही आहे. शाई उडत चाललेली. पुण्याच्या, हुबळीच्या लेकी-सुनांना ती हवी होती, पण वही घराबाहेर द्यायला सासूबाई तयार नव्हत्या. म्हणाल्या, "फोटो काढ की गं. पण सगळी पानं सारखी येऊ देत. एक गोरं, एक सावळं नको."

ऑटोवर नेमकं तेच होतं. कॅमेरा प्रत्येक दृश्य मध्यम करड्या रंगाचं धरून चालतो. त्यामुळे दाट लिहिलेलं पान उजळतं, आणि कोरी जागा जास्त असलेलं काळवंडतं. म्हणून मॅन्युअल लावलं. वही मधे फुगते. कड आणि मध्य दोन्ही स्पष्ट यावेत म्हणून ॲपर्चर एफ/८. इथं आकडा मोठा तितकं छिद्र लहान. खरखर नको म्हणून आयएसओ १००. खिडकीच्या उजेडात मग शटर १/१५ सेकंद आलं. तेवढा वेळ हात स्थिर राहत नाही, म्हणून कॅमेरा स्टँडवर. हातात धरून काढायचं तर आयएसओ ४०० आणि शटर १/६०. फोटो तेवढाच उजळ येतो, पण खरखरीत. ढग येऊन उजेड निम्मा झाला की शटर तेवढं १/८ करायचं, बाकी दोन्हींना हात लावायचा नाही.

मधली काही पानं फिकी आहेत. त्या वर्षी शाईत पाणी घालून पुरवली होती, असं सासूबाई सांगतात. बाकी सगळं सारखं ठेवल्यामुळे फोटोतही तो फरक स्वच्छ दिसतो. एका सुनेनं विचारलं, "काकू, ही पानं गडद करून पाठवाल?" मी तशीच पाठवली. वाचताना डोळ्यांना थोडा ताण पडेल, पण शाई कशी पुरवली तेही कळेल.