बाटलीचा हिशेब



कौटुंबिक पानासाठी काहीतरी लिहा, असा आग्रह पुष्कळ दिवसांचा होता. आजवर मी टाळत आलो. शिष्यवृत्ती, जातपडताळणी, रेशनकार्ड असले विषय असले की माझी लेखणी चालते. घरातल्या गोष्टी लिहायच्या म्हटल्या की पुरुषमाणूस कचरतो. पण गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी जे घडले ते आमच्यासारख्या अनेक घरांत घडत असणार, म्हणून लाज बाजूला ठेवून लिहितो.

मी कल्याण पूर्वेला राहतो. मुंबईत एका कार्यालयात कारकून आहे. बी.कॉम. झाल्यामुळे आमच्या वस्तीतल्या विहाराचा जमाखर्चही माझ्याकडेच असतो. घरात आई, पत्नी, दहा वर्षांची थोरली मुलगी आणि धाकटी. धाकटी आम्हांला उशिरा झाली. पत्नी रक्त तपासणीच्या एका छोट्या खासगी प्रयोगशाळेत काम करते. मालक धरून तिथे सात माणसे.

सात हा आकडा मुद्दाम लिहिला. २०१७ च्या दुरुस्तीने बाळंतपणाची भरपगारी रजा २६ आठवड्यांची झाली, पण दुकाने आणि आस्थापनांच्या बाबतीत तो नियम दहा किंवा अधिक कामगार असतील तिथेच लागू होतो. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाबासाहेबांनी प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला, १९२९ साली कायदा झाला, हा इतिहास मी भाषणांत कितीदा सांगितला आहे. आणि माझ्याच घरातली बाई त्या कायद्याच्या बाहेर राहिली. दोन महिने बिनपगारी रजा मिळाली. तिसऱ्या महिन्यात ती कामावर हजर. सकाळी साडेसातला घर सोडायचे, रात्री साडेआठला परत. पहिले काही दिवस तिने तिथल्या सामानाच्या खोलीत दूध काढून ठेवण्याचा प्रयत्न केला. दार नीट लागत नव्हते, आत माणसे येत-जात. चार महिन्यांत दूध आटले. ती त्यावर फारशी बोलत नाही. मीही विचारले नाही, हे खरे.

मग डबा आला आणि बाटली आली.

दरवर्षी १ ते ७ ऑगस्ट स्तनपान सप्ताह असतो. आमच्या विहारात महिला मंडळातर्फे कार्यक्रम होतो आणि प्रास्ताविक मी करतो. १९९२ चा कायदा सांगतो: डब्याच्या दुधाची आणि बाटलीची जाहिरात करता येत नाही, डब्यावर बाळाचे किंवा आईचे चित्र छापता येत नाही, ‘आईचे दूध बाळासाठी सर्वोत्तम’ ही सूचना ठळक छापावी लागते. टाळ्या पडतात. घरी आलो की फळीवर तोच डबा, तीच सूचना, आणि शेजारी चार बाटल्या उपड्या घातलेल्या. आईचे दूध सर्वोत्तम आहे हे आमच्या घरात कोणाला पटवून द्यायचे होते?

धाकटी सव्वा वर्षाची झाली तरी बाटली सुटेना. दिवसाला चार बाटल्या. पोळीचा कुस्करा पुढे केला की तोंड फिरवायची. आई म्हणायची, “दूध पितीया ना, मग काय काळजी?” पोरगी गोरी दिसायला लागली म्हणून शेजारच्या मावशी कौतुक करत. तो गोरेपणा नव्हता, हे नंतर कळले.

अंगणवाडीत दर महिन्याला वजन होते. सेविकाताईंनी एके दिवशी थोरलीच्या हातून निरोप पाठवला, बाबांना येऊन जायला सांग. रजा टाकून गेलो. त्यांनी वाढीचा तक्ता पुढे ठेवला. बाराव्या महिन्यात ७ किलो ९०० ग्रॅम, पंधराव्या महिन्यात ८ किलो. “अजून हिरव्या पट्ट्यात आहे, पण रेघ बघा दादा, आडवी झालीय. रेघ वर जायला पाहिजे.” मी हिशेबनीस माणूस, तीन महिन्यांत शंभर ग्रॅम हे मला समजायला तक्ता लागत नाही. त्यांनी धाकटीची खालची पापणी ओढून दाखवली. आत लाली नव्हतीच.

रक्त तपासले. कुठे, ते सांगायला नको. तिच्या आईनेच सुई लावली. हिमोग्लोबिन ८.९. या वयात ते साडेदहाच्या वर हवे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली सहा महिने ते पाच वर्षे वयाची ६७ टक्के मुले रक्तक्षयी आढळली. हा आकडासुद्धा माझ्या भाषणात असतो.

दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी विचारले, “दूध किती पिते? डबा किती दिवस जातो?” मी म्हणालो, चार बाटल्या, डबा साधारण साडेपाच-सहा दिवस. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त माझ्याकडे बघितले.

लोकलमध्ये उभ्याउभ्या गणित केले. २१० मिलिलिटरची बाटली. आमच्या डब्यावर लिहिल्याप्रमाणे ३० मिलिलिटर पाण्याला एक सपाट चमचा, म्हणजे एका बाटलीला सात चमचे. चार बाटल्यांना अठ्ठावीस. एका चमच्यात साडेचार ग्रॅम भुकटी, म्हणजे दिवसाला १२६ ग्रॅम. चारशे ग्रॅमचा डबा तीन दिवसांत संपायला हवा. आमचा साडेपाच दिवस जात होता. वहीत आकडे जुळेनात तर चूक कुठेतरी असतेच. उलटा भागाकार केला: दिवसाला सोळा चमचे. बाटलीला चार.

रात्री आईला विचारले. आवाज चढवायचा नाही असे ठरवून गेलो होतो, तरी चढला. आई खाली मान घालून भांडी पुसत होती. म्हणाली, “आरं, साडेचारशेचा डबा. त्वाच म्हणालास न्हवं, पगार निम्मा डब्यात चाललाय म्हणून? मी म्हणलं, थोडं पातळ केलं तर काय होतंय. पोरगी तर पोटभर पितीया.”

मी ते म्हणालो होतो. महिनाअखेरीला वही मांडून बसलो असताना वैतागून बोललो होतो, कोणाला उद्देशून नाही. आई साताऱ्याकडच्या दुष्काळी माण तालुक्यातली. आमच्या लहानपणी तिने एका भाकरीत तिघांना जेवू घातले आहे. कालवणात पाणी वाढवून पोरे वाढवली, तीच रीत तिने नातीला लावली. डब्यावरची सूचना इंग्रजीत आणि हिंदीत, तीही मुंगीच्या अक्षरांत. ती वाचून दाखवणे हे माझे काम होते. तेरा महिने मी ती एकदाही मोठ्याने वाचली नव्हती. मी पदवीधर, मी कार्यकर्ता. थोरली सगळे ऐकत होती. आईची मी त्याच रात्री माफी मागितली, थोरलीच्या देखत मागितली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंकडे आईलाही घेऊन गेलो. बाईंनी आईला एका शब्दाने दोष दिला नाही. म्हणाल्या, “आजी, आता तो डबाच नको. वर्ष उलटलंय. साधं दूध द्या, बाटलीने नाही, पेल्याने.” एक वर्षाच्या आत साधे दूध हे बाळाचे मुख्य अन्न असू नये, पण वर्षानंतर डब्याची गरज राहत नाही, त्यापुढच्या वयाचे म्हणून वेगळे डबे मिळतात त्यांचीही नाही. वर्षानंतरच्या डब्यांबाबत जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत हेच सांगितले आहे. गाईचे की म्हशीचे, हा आईचा प्रश्न. बाई म्हणाल्या, कोणतेही चालेल, उकळलेले असावे, पाणी घालायचे नाही, दोन वर्षांपर्यंत साय काढायची नाही.

एक गोष्ट मात्र त्यांनी दोनदा सांगितली. डब्याच्या भुकटीत लोह घातलेले असते. साध्या दुधात ते जवळजवळ नसतेच. म्हणून दुधाने पोट भरू द्यायचे नाही. दिवसाला चारशे, फार तर पाचशे मिलिलिटर, दोन पेले. बाकी भूक जेवणाने भागवायची: नाचणी, डाळ, पालेभाजी, अंडे, कलेजी, आणि वरून लिंबू पिळायचे म्हणजे लोह अंगी लागते. सुकटीची चटणी नुसती वाटून, तिखट न घालता वरणात कालवायची, ही आईची भर. लोहाचे थेंब दिले, ते दुधाबरोबर द्यायचे नाहीत असे बजावले. शेवटी विचारले, “चहा देता का?” आईने माझ्याकडे पाहिले. आमच्या घरी सकाळी बशीत दोन घोट चहा पोरांना मिळतोच. मीही तसाच वाढलो. चहाने लोह अंगी लागत नाही. चहा बंद, हे ऐकून सगळ्यांत जास्त हळहळली ती आईच.

आता बाटली सोडवणे. ज्याला वाटते की हे बायकांचे काम, त्याने एक आठवडा करून बघावे.

शेजाऱ्यांनी उपाय सुचवले: बुचाला कडुनिंब लावा, कोरफड लावा, एका दिवसात बाटली फेकून द्या. पोरीला कडू चाखवून काही सोडवायचे हे माझ्या मनाला येईना. आम्ही एकेक बाटली कमी केली. आधी दुपारची, कारण तेव्हा ती खेळात असते. तिच्या जागी लहान फुलपात्रात पाव पेला दूध. पहिल्या दिवशी सगळे फरशीवर. दुसऱ्या दिवशी आईच्या लुगड्यावर. आई म्हणाली, आमच्या वेळी पितळेचे बोंडले असायचे, तुम्हांला त्यानेच पाजले. चोचीचे प्लास्टिकचे भांडेही बाजारात मिळते, पण बाईंनी उघडा पेलाच द्या म्हटले होते. थोरलीने युक्ती केली. स्वतः तसलेच फुलपात्र घेऊन धाकटीसमोर बसली, एक घोट पिऊन ओठावर मिशी काढायची. धाकटीला मिशी हवी होती. चौथ्या दिवशी मिशी आली.

आठवडाभराने सकाळची गेली, नंतर संध्याकाळची. राहिली रात्रीची. ती बाटली तोंडात धरूनच झोपायची. वरच्या दोन दातांच्या मुळाशी तपकिरी रेघ आली होती, ती याच बाटलीची; रात्रभर दातांवर दूध साचले की कीड लागते. पहिल्या रात्री सव्वा तास रडली. आमची खोली दहा बाय बारा, चाळीच्या भिंती पातळ. पलीकडच्या खोलीतला माणूस रात्रपाळी करून आलेला. मी तिला खांद्यावर घेऊन गॅलरीत येरझाऱ्या घालत राहिलो. दुसरी रात्र तशीच. तिसऱ्या रात्री दोन वाजता मी हरलो. कोणाला न उठवता बाटली भरून दिली. ती तात्काळ झोपली आणि मीही. सकाळी पत्नीने बाटली बघितली, धुतली, जागेवर ठेवली, काही बोलली नाही.

बाईंना कबूल केले. त्या हसल्या. म्हणाल्या, मग एकदम नको. रात्रीच्या बाटलीत दूध कमी करत जा, पाणी वाढवत जा, शेवटी नुसते पाणी. हे घरी सांगितल्यावर आई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “मी पानी घातलं तवा घर डोक्यावर घेतलंस. आता तुझी डॉक्टरीण सांगतीया पानी घाल म्हणून!” फरक समजावून सांगितला: आता पोट जेवणाने आणि दोन पेल्यांनी भरते आहे, बाटली फक्त सवयीची आहे. तिने मान डोलावली, पण त्या दिवशीचा आनंद तिने सोडला नाही. साऱ्या चाळीला सांगितले. नऊ दिवसांत बाटलीत नुसते पाणी उरले. दहाव्या रात्री धाकटीने दोन घोट घेतले आणि बाटली स्वतःच ढकलून दिली.

खर्चाचेही सांगतो. डब्यांना महिन्याला सव्वादोन हजारांच्या वर जात, तेही पातळ करून. नीट दिले असते तर चार हजार गेले असते. आता अर्ध्या लिटरची पिशवी, महिन्याला हजार-अकराशे. उरलेल्यातून अंडी आणि कलेजी येते. दोन महिन्यांनी अंगणवाडीत वजन ८ किलो ७०० भरले. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन १०.४. अजून साडेदहाला पोचलेले नाही, थेंब चालू आहेत. दातांचे दाखवायचे राहिले आहे.

पहिला पेला सकाळी आई देते. दुसऱ्याची वेळ खरे तर सातची, पण पत्नीने घरात सक्त ताकीद दिली आहे की तो कोणी द्यायचा नाही. साडेआठला ती येते, हातपाय धुते, आणि धाकटी दारातच फुलपात्र घेऊन उभी असते.