अभिप्रायार्थ

‘अभिप्रायार्थ सप्रेम’ असे पहिल्या पानावर लिहिलेली पुस्तके मराठीच्या प्राध्यापकाच्या घरी किती साठलेली असतात, हे मोजण्याच्या फंदात पडू नये. आम्ही दोघे एकाच विभागात शिकवतो आणि दोघांच्याही कपाटांतील एक एक खण अशा पुस्तकांनी भरलेला आहे. समीक्षा लिहिण्याचे शिक्षण आम्हांला रीतसर मिळाले. अभिप्राय द्यायला मात्र कोणी शिकवले नाही. समीक्षेला समोर अनोळखी वाचक असतो, तर अभिप्राय थेट लिहिणाऱ्याच्या हाती पडतो. अवघडलेपण येते ते यामुळेच.

आमच्याच विभागातून निवृत्त झालेल्या एका सरांनी सत्तरीत आपला पहिला, आणि एकमेव, कवितासंग्रह पदरमोड करून छापला. प्रती स्वतः घरी आणून दिल्या. आम्ही तो शेवटच्या पानापर्यंत वाचला. बऱ्याच कविता सपाट वाटल्या. तीन मात्र मनात रुतून बसल्या. त्यांतली एक आईच्या पश्चात कोपऱ्यात पडून राहिलेल्या जात्यावरची होती. तिघींविषयीच लिहावे, तर उरलेल्यांविषयीचे मौन त्यांना बोलेल. सगळे खरे लिहावे, तर गुरुस्थानी असलेल्या माणसाचे मन मोडेल. महिनाभर हा खल करून आम्ही पोस्टकार्डावर लिहिले, ‘संग्रह आवडला. असेच लिहीत राहावे.’ खाली दोघांच्या सह्या.

वर्गात आम्ही जी. ए. कुलकर्णींच्या (१९२३–१९८७) कथा शिकवत होतो, ते हेच दिवस. सभासंमेलनांपासून दूर, धारवाडला राहणाऱ्या या लेखकाचा पत्रव्यवहार मात्र विपुल होता. त्यांच्या निधनानंतर त्यांच्या निवडक पत्रांचे खंडच निघाले. सुनीताबाई देशपांडे यांनी त्यांना लिहिलेली पत्रे ‘प्रिय जी.ए.’ या नावाने २००३ साली पुस्तकरूपात आली. लेखकाला वाचकाकडून काय हवे असते, हे ती पत्रे वाचताना उमगते. प्रशस्तिपत्र नव्हे, आपले लिखाण दुसऱ्याच्या मनात नेमके कोठे जाऊन पोहोचले, याची खबर. हे सारे विद्यार्थ्यांना सांगून आम्ही घरी आलो होतो आणि ते पोस्टकार्ड टाकले होते. (अध्यापन आणि आचरण यांतील अंतरावर अधिक न बोललेले बरे.)

गेल्या वर्षी सर गेले. त्यांच्या कन्येने त्यांची पुस्तके विभागाला दिली. संग्रहाच्या त्यांच्या स्वतःच्या प्रतीत आलेली सगळी पत्रे तारीखवार लावून ठेवलेली होती; फार नव्हतीच. आमच्या कार्डावर, ‘आवडला’ या शब्दाखाली पेन्सिलीने बारीक रेघ होती आणि कडेला त्यांच्या तपासनिसाच्या अक्षरात एकच शब्द: ‘कोणती?’

उत्तरपत्रिकेवर असे शेरे आम्ही रोज मारतो. ‘उदाहरण द्या’, ‘नेमके लिहा’. पाच शब्दांच्या उत्तराला शून्य गुण देतो.

आम्ही त्यांच्या कन्येला पत्र लिहिले. जात्यावरच्या कवितेचे पान, त्यातली शेवटची ओळ अनावश्यक का वाटते, इतर दोन कविता कोणत्या, आणि बाकीच्या आमच्यापर्यंत का पोहोचल्या नाहीत, हे सगळे लिहिले. चार पाने झाली. लिहिताना पहिल्यांदाच लक्षात आले की, ती शेवटची ओळ अनावश्यक नाही. तेवढा मजकूर खोडून पत्र टाकले.