काळी, पांढरी आणि हाड

वऱ्हाडातल्या गावांत मातीची दोन नावे ऐकू येतात. शेताची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. गुरुकुंज मोझरीही त्याला अपवाद नाही. अमरावती-नागपूर महामार्गाच्या दोन्ही अंगांना पसरलेली काळी कपाशी आणि तूर उदार हाताने देते. पण तिची भिंत कोणी घालत नाही. जुन्या घरांच्या भिंती पांढऱ्या मातीच्या. हा भेद आमच्या वाडवडिलांना हातानेच कळला होता. त्यामागचे कारण शोधावे असे मला वाटले ते आईचे मनगट मोडल्यावर.

काळी माती बसाल्ट खडकाच्या झिजेतून झालेली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाच्या खनिजाचे बारीक कण विपुल असतात. प्रत्येक कण म्हणजे एकावर एक रचलेले अतिशय पातळ पापुद्रे. पापुद्र्याच्या आतले अणू एकमेकांना घट्ट धरून असतात. परंतु एका पापुद्र्याचा दुसऱ्याशी असलेला बंध दुबळा असतो. पावसाळ्यात त्या फटींत पाणी शिरते आणि माती फुगते. उन्हाळ्यात पाणी निघून जाते, ती आकसते आणि जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वैशाखात आमच्या परसात अशीच एक भेग पडली होती. पहाटे तुळशीला पाणी घालायला गेलेल्या ७८ वर्षांच्या आईचा पाय तीत अडकला. पडताना माणूस सहजच हात पुढे टेकतो. तेवढ्याने मनगटाजवळचे हाड मोडले. आयर्लंडमधील शल्यविशारद अब्राहम कॉलिस यांनी १८१४ साली वर्णन केलेला हा अस्थिभंग उतारवयातल्या स्त्रियांत फार आढळतो.

अमरावतीला प्लास्टर घातले गेले. ओली पट्टी गुंडाळताच आई म्हणाली, हात ऊन लागतो आहे. ते खरेच होते. जिप्सम या खनिजाच्या रचनेत पाणी बांधलेले असते. ते साधारण १५० अंशांपर्यंत तापवले की त्यातले तीन-चतुर्थांश पाणी उडून जाते आणि प्लास्टर ऑफ पॅरिसची पांढरी भुकटी उरते. तिच्यात पुन्हा पाणी कालवले की ती गमावलेले पाणी परत घेते, उष्णता बाहेर टाकते आणि सुईसारखे असंख्य स्फटिक एकमेकांत गुंतून दगड होतो. पट्टीला ही भुकटी चोळून हाड स्थिर ठेवण्याची युक्ती आंतोनियस मताइसेन या डच लष्करी शल्यविशारदाने १८५२ साली प्रसिद्ध केली.

घरी आल्यावर, प्लास्टर भिजू देऊ नकोस, असे मी दिवसातून चारदा सांगू लागलो. शेजारी नव्या बांधकामाला रोज पाणी मारणे चालू होते. तिकडे बोट दाखवून आईने विचारले, “काहून रे, त्या भितीले पानी मारतेत, मंग ह्याले काहून नाही?”

प्रश्न बिनतोड होता. सिमेंट आणि प्लास्टर दोघांनाही घट्ट व्हायला पाणीच लागते. पण सिमेंटचे पाण्याशी जुळणे आठवडेच्या आठवडे चालते. म्हणून काँक्रीटची ताकद २८ दिवसांनी मोजतात आणि तोवर त्याला ओले ठेवतात. प्लास्टरचे काम काही मिनिटांत उरकते. उरलेले पाणी वाळून जायला मात्र दोन-तीन दिवस लागतात, आणि पुढे ते भिजले तर स्फटिकांची मिठी सैल पडते. हे ऐकल्यावर तिने आंघोळीच्या वेळी हाताला प्लास्टिकची पिशवी स्वतःहून मागितली. वृद्धांना केवळ बजावण्यापेक्षा कारण सांगितलेले अधिक रुचते, असा माझा अनुभव आहे. बोटे सुजली, निळसर झाली, बधिर पडली किंवा वेदना वाढू लागली तर रात्र असली तरी डॉक्टरांकडे जायचे, हेही तिला कारणासह सांगून ठेवले होते.

पण प्लास्टर हाड जोडत नाही. ते केवळ हलू देत नाही. जोडण्याचे काम आतच चालते. हाडात दोन द्रव्यांचा संसार असतो. कोलॅजेन या प्रथिनाचे तिपेडी दोर आणि त्यांत बसलेले कॅल्शियम-फॉस्फेटचे सूक्ष्म स्फटिक. कोंबडीचे हाड काही दिवस व्हिनेगरमध्ये ठेवले तर स्फटिक विरघळतात आणि ते रबरासारखे वाकते; हाड भाजले तर दोर जळतात आणि ते खडूसारखे फुटते. मोडल्यावर आधी रक्ताची गाठ, मग दोन-तीन आठवड्यांत मऊ जोड, पुढे त्यात खनिज भरून कठीण जोड, असा क्रम असतो. ते दोर नीट पिळले जाण्यासाठी क जीवनसत्त्व आवश्यक असते. म्हणून आमच्याकडे दुधाचा जेवढा आग्रह होता तेवढाच पेरू, लिंबू आणि आवळ्याचाही. प्रथिनांसाठी तुरीचे वरण होतेच.

आईला मधुमेह आहे. रक्तातली साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की ती कोलॅजेनच्या दोरांमध्ये नको तेथे गाठी मारते. दोर ताठरतात, त्यांची धक्का सोसण्याची लवचीकता जाते; त्यामुळे तपासणीत हाडाची घनता चांगली दिसूनही ते मोडू शकते. बंध जितके अधिक तितके बळ अधिक, ही आपली समजूत हाडाला लागू पडत नाही. डॉक्टरांनी हाडाबरोबर साखरेकडे लक्ष द्यायला सांगितले त्याचा अर्थ मला तेव्हा उमगला.

त्या सहा आठवड्यांत तिला सर्वांत अधिक खुपले ते सामुदायिक प्रार्थनेचे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली येथे आश्रम स्थापला, तेव्हापासून या गावाची सायंकाळ तिने बांधलेली आहे. जमिनीवर बसायला तिला अडचण नव्हती. उठताना हात टेकता येत नव्हता. खुर्चीवर बसायला ती तयार होईना. शेवटी एका पाटावर जाड घडी ठेवून उंचवटा केला आणि उठताना दोघांनी दंडाला, काखेत नव्हे, आधार द्यायचा असे ठरले.

प्लास्टर निघाले तेव्हा मनगट काठीसारखे ताठ झाले होते. बोटांचे व्यायाम सुरू झाले आणि काही दिवसांनी डॉक्टरांनी कणीक मळायलाही परवानगी दिली. आईने गव्हाची कणीक बाजूला सारली आणि ज्वारीचे पीठ काढले. गव्हातली प्रथिने पाण्याने एकमेकांत गुंफली जातात. ज्वारीत ती सोय नाही, म्हणून उकळते पाणी घालून पिठातल्या स्टार्चला चिकट करावे लागते. हे शास्त्र मी सांगेपर्यंत तिचे पाणी उकळलेही होते. डाव्या हाताने परात धरून, दुखऱ्या हाताने ती हळूहळू मळत राहिली. पहिल्या भाकरीच्या कडा चिरल्या. तिने ती मोडली, पुन्हा गोळा केला आणि पिठावर आणखी थोडे पाणी शिंपडले.